तलवारीला लागलेलं कुंकू

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीच्या मराठी मंडळात माझं एक टोपणनाव आहे: भांडीवाल्या मावशी. ते कुणी पाडलं हेही मला माहीत आहे. पण दर गणपतीला मी त्यांच्याच स्वयंपाकघरात मोदक वळत असते, त्यामुळे रागावायची सोय नाही. यंदा दिवाळी अंकाच्या संपादकही त्याच आहेत. "मावशी, तुमच्या म्युझियमच्या नोकरीवर लिहा ना. काहीतरी इंटरेस्टिंग घडलं असेलच की," असं म्हणून त्यांनी गळ घातली. दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी हसून विषय बदलला असता. कारण जे घडलं होतं ते मी एकाही माणसाला सांगितलेलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. आता सांगून झालंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

आधी नोकरी काय होती ते सांगते. मी धातूच्या जुन्या वस्तूंची डॉक्टर होते. हे सोपं करून सांगितलं की लोक लगेच भांड्यांवर येतात. माझी आई नागपूरहून फोनवर विचारायची, "केमिस्ट्रीत एमएस्सी करून शेवटी तांब्यापितळेचीच भांडी घासतेस का गं?" मी म्हणायची, "आई, घासत नाही. न घासण्याचा पगार घेते." यात थट्टा कमी आणि खरं जास्त होतं. जमिनीतून निघालेल्या ब्राँझवर जो हिरवा-तपकिरी थर असतो, त्यातच सगळी माहिती साठलेली असते. म्यान लाकडाचं होतं की कातड्याचं, मुठीला दोरा गुंडाळलेला होता का, धार कशानं लावली होती, हे सगळं त्या थरात उमटलेलं असतं. तो घासून काढला की उरते एक चकचकीत, मुकी वस्तू. सासूबाई एकदा म्युझियम बघायला आल्या होत्या. दोन दालनं फिरल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एवढी मोठी संस्था, आणि चिंच नाही का मिळत यांना?"

आमच्या कामात हत्यारं साधी असतात. सर्जनची सुरी, बांबूच्या काड्या, कापसाचे बोळे, मऊ ब्रश, मायक्रोस्कोप आणि पाठ दुखेपर्यंत बसायची तयारी. पण सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे रिपोर्ट. वस्तूला काय केलं, कशानं केलं, किती वेळ केलं, ते सगळं लिहायचं. माझा पहिला बॉस वॉल्टर या बाबतीत कडवा होता. उंच, शांत माणूस, शर्टाच्या खिशात कायम चार पेनं. तो म्हणायचा, "पन्नास वर्षांनी जो कुणी ही वस्तू हातात घेईल, त्याला तुझ्या कागदाशिवाय दुसरा आधार नसेल." एकदा एका घंटेला त्यानं लाखेसारखा पातळ लेप दिला आणि ओल्या लेपावर माशी बसली. माशी काढली, पण तिचा एक पाय आत राहिला. वॉल्टरनं रिपोर्टात लिहिलं: लेपाखाली माशीचा पाय, डावीकडून तिसरा, जागा अमुक. डावीकडून तिसरा हे त्यानं कसं ठरवलं देव जाणे. आम्ही खूप हसलो होतो.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची यायची. महिन्यातून एक दिवस म्युझियम लोकांना घरच्या वस्तू दाखवायला बोलवायचं. एकदा न्यू हॅम्पशरहून एक निवृत्त फायरमन तलवार घेऊन आला. बीच टॉवेलात गुंडाळलेली. नाव एड. म्हणाला, आजोबांनी युरोपातून आणली, ब्राँझ युगातली आहे, आमच्या घरात ती मोठ्या मुलाकडे जाते, आणि मी मोठा आहे. येण्याआधी त्यानं ती ड्रिलला पॉलिशचं चाक लावून अशी घासली होती की मला तिच्यात माझा चष्मा दिसत होता. मी तपासली. जुन्या ब्राँझमध्ये तांब्याबरोबर कथील असतं, हिच्यात भरपूर जस्त होतं. म्हणजे पितळ. शिवाय मुठीच्या कडेला साच्याची शिवण. कुठल्यातरी दुकानात शोभेसाठी ओतलेली. हे सांगायचे प्रसंग मला कधीच आवडले नाहीत.

एडनं टॉवेलाची घडी सारखी केली. मग म्हणाला, "थँक्सगिव्हिंगला आजोबा हिनंच टर्की कापायचे. दॅट पार्ट इज ट्रू, राइट?" मी पुन्हा मायक्रोस्कोपखाली पाहिलं. मुठीजवळ, जिथं त्याचं चाक पोचलं नव्हतं, तिथं स्वयंपाकघरातल्या धारेच्या दगडाच्या रेघा होत्या. एकावर एक, वर्षानुवर्षांच्या. मी त्याला त्या दाखवल्या. तो इतका खूश झाला की जाताना त्यानं माझ्या हातांत त्याच्या झाडाची सफरचंदं कोंबली. पुढे खऱ्या तलवारींबद्दल विद्वानांची भांडणं ऐकताना मला हमखास एड आठवायचा.

भांडण असं असे. माणसानं आधी खंजीर केले. मग ब्राँझ ओतण्यात हात बसला तसा खंजीर लांबत लांबत गेला आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आसपास युरोपात त्याच्या तलवारी झाल्या. आमच्या म्युझियममध्ये तशी एक आहे, मध्य युरोपातली. साधारण हातभर लांब, पातं भाल्याच्या फाळासारखं, मूठही ब्राँझचीच आणि तिच्यावर बारीक चक्रं कोरलेली. पातं मुठीला फक्त रिव्हेटनी, म्हणजे आरपार ठोकलेल्या खिळ्यांनी, धरलेलं. एक तज्ज्ञ म्हणत, हे काय लढायचं हत्यार आहे? आडवा घाव घातला तर रिव्हेट उपटून येतील. ही सरदारानं कमरेला लावून मिरवायची वस्तू. कथील किती लांबून आणावं लागे! ते ज्याच्याकडे, तो मोठा माणूस. दुसरे म्हणत, मग धारेवर खाचा कशाच्या? मिरवणुकीत कुणी तलवारीवर तलवार आपटत नाही.

मला हे भांडण कधी कळलंच नाही. आमच्या घरी मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता होता. व्याही आले की तो तबकात ठेवून बाहेर यायचा, आणि व्याही गेले की त्यानंच रोजची सुपारी कातरली जायची. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तू अवजार की प्रतिष्ठा?

तर ही तलवार. नोकरीत कायम होऊन मला सहा महिने झाले होते. ऑगस्टमध्ये दालनातला एसी बिघडला, दोन आठवडे काचेच्या पेटीत दमट हवा कोंडली, आणि एका सोमवारी मुठीच्या कडेला फिकट हिरवी पूड दिसली. फिकट हिरवी पूड म्हणजे आमच्याकडे घबराट. धातूच्या आत मीठ दडलेलं असतं, त्याला ओल मिळाली की ते ब्राँझ आतून खायला लागतं आणि थांबवलं नाही तर वस्तूचा चुरा होतो. वॉल्टरनं तलवार माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "युअर्स." एवढी मोठी वस्तू पहिल्यांदाच माझ्या एकटीच्या हातात आली होती. सहा आठवडे मी तिच्यावर वाकलेली होते. पूड काडीनं दाणा दाणा काढली, रसायनात बुडवून मीठ बांधून टाकलं, वाळवलं, पुन्हा तपासलं. शेवटी लेप द्यायचा राहिला. लेपाच्या आदल्या दिवशी तलवार तिच्या उभ्या आयुष्यात नसेल इतकी स्वच्छ होती.

तो दिवस खंडेनवमीचा होता.

माझे वडील कारखान्यात टर्नर होते. आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या पटाशा-पाने, आईचं शिवणयंत्र, विळी, सगळ्यांना कुंकू लागायचं. ज्याच्यावर पोट चालतं त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, इतकाच त्याचा अर्थ. इथे आल्यावर मी ती पद्धत माझ्यापुरती ठेवली होती. पर्समध्ये छोटी डबी असे. आई घरी कुंकू करायची, हळकुंडं लिंबाच्या रसात टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, नि तुरटी घालून भिजवून, वाळवून, कांडून. त्यातलं चिमूटभर पाण्यात कालवायचं, लॅबमध्ये कुणी यायच्या आत सुरीच्या दांड्याला, ब्रशाला, मायक्रोस्कोपच्या मानेला बोट लावायचं, नमस्कार करायचा आणि पुसून टाकायचं. वॉल्टर नऊला यायचा, मी साडेआठला उरकायची.

त्या दिवशी सगळ्यांना लावून झालं आणि बोटावर थोडं उरलं. समोर तलवार. शस्त्रांची पूजा, आणि शस्त्र म्हणावं असं खरं काही माझ्यापुढे जन्मात पहिल्यांदाच होतं. कितीतरी वर्षांत तिला कुणी हात जोडले नसतील असं मनात आलं. पुढचं मी ठरवून केलं नाही, पण चुकूनही केलं नाही. अनामिका तिच्या मुठीला टेकवली. मग भानावर आले. स्पिरिटचे बोळे घेतले, पुसलं, पुन्हा पुसलं, मायक्रोस्कोपखाली पाहिलं. काही दिसलं नाही. निदान मला दिसायला नको होतं, आणि ते दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी लेप दिला. रिपोर्टात सगळं लिहिलं, किती बोळे वापरले तेसुद्धा. ही एक ओळ सोडून.

वॉल्टरनं तो रिपोर्ट वाचून माझ्या खांद्यावर थोपटलं होतं. पुढे कित्येक वर्षं नवीन मुलांना रिपोर्ट कसा लिहावा याचा नमुना म्हणून तोच दाखवत. मीही दाखवला आहे. न अडखळता.

निवृत्त होऊन मला चार वर्षं झाली होती तेव्हा फोन आला. "हाय, इज धिस सुलभा? आय ॲम इरा. माझं मराठी बॅड आहे, सॉरी. मावशी म्हटलं तर चालेल?" इरा इथलीच, अल्फारेटात वाढलेली, आई-बाबा पुण्याचे. आमच्या म्युझियममध्ये दोन वर्षांच्या संशोधनाच्या जागेवर आलेली आणि तिची मुदत उन्हाळ्यात संपत होती. ती त्या तलवारीवर काम करत होती. "युअर रिपोर्ट इज सो परफेक्ट, मावशी. त्याच्यामुळेच मला एक मोठी गोष्ट सापडलीये. तुम्ही येऊन बघाल?" मला कोण आनंद झाला. निवृत्त माणसाला कामाचं कुणी बोलावलं की कसं वाटतं ते निवृत्त माणसालाच कळेल. मंगळवारी गावाजवळच्या तळ्यावरचा पूल ओलांडून मी म्युझियममध्ये गेले, चांगली साडी नेसून.

इरा तिशीची, केस वर बांधलेले, बोलताना हात हलवणारी. तिनं पडद्यावर मुठीचा एक फोटो मोठा केला. कोरलेल्या चक्राच्या खोबणीत, रिव्हेटच्या डोक्याखाली, माझ्या लेपाच्या आत, लाल कण होते. कडेला पिवळट. मधेमधे पिठासारखे पारदर्शक दाणे. मला ओळखायला कुठलंही मशीन लागलं नाही.

"इट्स हळद, मावशी!" इरा जवळजवळ ओरडलीच. "टर्मरिक! युरोपमध्ये, ब्राँझ एजमध्ये! आधी मला वाटलं काँटॅमिनेशन असेल. पण ते तुमच्या कोटिंगच्या खाली आहे. आणि तुमच्या रिपोर्टमध्ये त्याच्याबद्दल काहीच नाही. तुम्ही माशीचा पायसुद्धा सोडणाऱ्या नाही."

"माशी वॉल्टरची," मी म्हटलं.

"सो इट वॉज देअर बिफोर यू. आणि हे बघा, बोरॅक्स आहे. म्हणजे त्यांनी हळद शिजवून रेड केली. दे हॅड अ रेसिपी, मावशी. अ लॉस्ट रेसिपी!"

हरवलेली रेसिपी माझ्या आईची होती. मी खुर्चीत बसले.

तिचा सगळा युक्तिवाद पक्का होता. इतक्या लांबून आलेला रंग मुठीला लावला, याचा अर्थ तलवार लढायची नव्हती, मानाची होती, तिची पूजाअर्चा होत असे. तिचा लेख शुक्रवारी जाणार होता. पुढच्या महिन्यात एका मोठ्या ठिकाणी मुलाखत होती आणि तिथं ती हेच मांडणार होती. मग ती जरा हळू आवाजात म्हणाली, "शाळेत माझ्या डब्याचे पिवळे डाग बघून मुलं मला मस्टर्ड म्हणायची. आणि आता यांच्या किंगच्या तलवारीवर आपली हळद. आय ॲक्चुअली क्राइड, मावशी."

ती माझ्याकडे बघत होती. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "छान आहे. फार इंटरेस्टिंग आहे." आणि पार्किंगचा वेळ संपतोय असं सांगून निघाले. पार्किंग फुकट होतं.

घरी जाताना नेहमीचं वळण चुकले. श्रीकांत, माझा नवरा, चहा करत होता. त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. त्यानं गॅस बंद केला. म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटत होतं की बायकोचं कुठे काही लफडं नाही. निघालं ते एका तलवारीशी." मी हसले नाही तेव्हा त्याला कळलं. मग तो समजूत घालायला लागला. "कोण विचारणार आहे गं? कोणाला कळणार आहे? तू सांगितलंस तर तुझा तो रिपोर्ट, तुझं नाव, सगळं जाईल. आणि ती मुलगी खूश आहे ना, यार. राहू दे तिला खूश." मी त्याच्यावर भयंकर चिडले. तो नेमकं तेच बोलत होता जे मी वाटेत येताना स्वतःला सांगत आले होते.

खरं म्हणजे नावाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती मला तिच्यासाठी होती. आमच्या क्षेत्रात आज ना उद्या कुणीतरी ते कण पुन्हा तपासणार, कुणीतरी भारतीय मुलगी किंवा मुलगा ते ओळखणार, आणि मग लोक म्हणणार, बघा, हिला स्वतःच्या घरातलं कुंकू ओळखता आलं नाही. ते तिला जन्मभर चिकटलं असतं. माझ्या हातून लागलेला डाग तिच्या कपाळावर. हे लक्षात आल्यावर निर्णय घ्यायला काही उरलंच नाही.

बुधवारी सकाळी देवघरातली स्टीलची डबी उचलली आणि गेले. आईचं शेवटचं कुंकू तिच्यात अजून होतं. इरा कॉफी घेऊन नुकती बसत होती. मी डबी तिच्या टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं. खंडेनवमी, बोटावर उरलेलं कुंकू, बोळे, लेप, न लिहिलेली ओळ. मधे थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते.

इरानं कॉफी बाजूला ठेवली. मग तिचा चेहरा लाल झाला. "यू रोट डाउन सेव्हंटीन स्वॉब्ज," ती म्हणाली. "सतरा. तुम्ही स्वॉब मोजून लिहिले. आणि हे नाही लिहिलं?"

"नाही."

"व्हाय?"

"लाज वाटली," मी म्हटलं. "त्या लॅबमध्ये मी एकटीच आपल्याकडची होते. नुकती कायम झालेली. मी त्यांच्याइतकीच शास्त्रीय आहे हे मला रोज दाखवावं लागायचं. तलवारीला कुंकू लावलं असं कसं लिहिणार? वॉल्टर काय म्हणाला असता?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तो मस्टर्डवाला डबा आम्हा दोघींच्या मधे कुठेतरी असावा असं मला वाटलं. आवाज उतरला तिचा. "कुंकू म्हणजे बिंदीची पावडर ना? आमच्या घरी स्टिकर्सचं पाकीट असायचं. मॉम बाथरूमच्या आरशाला चिकटवून ठेवायची." मग तिनं डबी उघडली, चिमटीनं दोन कण काढले आणि मशीनखाली ठेवले.

मशीनला फार वेळ लागत नाही, पण तो फार वाटला. पडद्यावर दोन रेघा आल्या, एक तलवारीची, एक आईच्या कुंकवाची. इरानं एक दुसरीवर सरकवली. टाकणखारासकट तंतोतंत. मग तिनं टेबलावर डोकं टेकलं. मला वाटलं रडतेय. मी पाठीवर हात ठेवावा की नाही या विचारात असताना तिनं डोकं वर केलं.

"आज बुधवार आहे ना?" ती म्हणाली.

"हो."

"ओ थँक गॉड. थँक गॉड, मावशी. इट्स ओन्ली वेन्सडे." आणि ती हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. इतकी वर्षं छातीवर काहीतरी घेऊन मी फिरत होते हे ते उतरल्यावरच कळलं. पदरानं डोळे पुसले तर इरानं घाईघाईनं लॅबचे टिश्यू पुढे केले.

त्यानंतर आम्ही दिवसभर धारेवर काम केलं. तिनं सगळ्या खाचा आधीच मोजल्या होत्या, पण लाल रंगाच्या आनंदात बाजूला ठेवल्या होत्या. खाचा पडलेल्या, त्या घासून पुन्हा धार लावलेली, पुन्हा खाचा. मुठीवर जिथं अंगठा टेकतो तिथली चक्रं झिजून गुळगुळीत झालेली, बाकीची जशीच्या तशी. कुणीतरी ही तलवार धरली होती, पुष्कळदा, आणि तरीही ती इतकी नटवलेली होती. "बोअरिंग," इरा म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "बट ट्रू." तिचा लेख पुढे याच खाचांवर आला, महिनाभर उशिरा. नोकरीही लागली, त्या मोठ्या ठिकाणी नाही, पण चांगली. मुलाखतीत तिनं कुंकवाची गोष्टही सांगितली म्हणे. माझं नाव घालून, माझ्या परवानगीनं. म्युझियममधल्या लोकांचं मला एक शांत, सभ्य पत्र आलं. नमुना म्हणून आता दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट दाखवतात, आणि ते योग्यच आहे.

पण त्या बुधवारी निघण्याआधी एक काम राहिलं होतं. राहिलेली ओळ लिहायची होती. आता कागद नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर. इरानं तलवारीचं पान उघडलं आणि कारणांची यादी पुढे आली. अपघात, पाणी, कीड, हाताळणीतली चूक, जाणूनबुजून नुकसान.

"हाताळणीतली चूक निवड," मी म्हटलं.

"पण तुम्ही चुकून नाही लावलंत."

"मग जाणूनबुजून नुकसान."

"नुकसान कुठे आहे?" ती पडद्याकडे बघत विचार करत होती. "तुम्ही नक्की काय केलंत? टेल मी इन प्लेन वर्ड्स."

"शस्त्र म्हणून तिची पूजा केली."

तिनं ते पान बंद केलं आणि दुसरं उघडलं. वस्तूचा वापर, असा तो तक्ता होता. वर्षानुवर्षं तज्ज्ञांनी भरलेला. पहिली ओळ: लढाई. खात्रीच्या रकान्यात: बहुधा. दुसरी ओळ: प्रतिष्ठेची वस्तू म्हणून बाळगणे. खात्री: बहुधा. इरानं तिसरी ओळ घेतली. शस्त्रपूजा. खंडेनवमीचं स्पेलिंग मला विचारून घेतलं. तारीख घातली, जागा घातली, कुणी केली तिथं माझं पूर्ण नाव घातलं. पुरावा: कुंकू, मुठीवर, उजव्या अनामिकेचं. मग शेवटचा रकाना आला, खात्रीचा. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लिहिलं: नक्की.

साडेतीन हजार वर्षांच्या त्या तक्त्यात तेवढ्या एकाच ओळीपुढे तो शब्द होता. मी तो दोनदा वाचला. इरानं सेव्ह केलं आणि म्हणाली, "मावशी, खायला जाऊ या? आय ॲम स्टार्विंग." तेव्हा माझ्या लक्षात आलं की कालच्या दुपारपासून मीही काही खाल्लेलं नाही. कोपऱ्यावरच्या छोट्या हॉटेलात आम्ही दोघी गेलो. मी माझं सगळं संपवलं आणि तिच्या ताटातले बटाटेही खाल्ले.